लढाईच्या प्रवेशासाठी तलवार घेताना: धारेआधी मूठ बघा

नाटकातल्या लढाईच्या प्रवेशांसाठी म्हणून मुख्यतः तीन तऱ्हेच्या तलवारी विकल्या जातात: शोभेच्या स्टेनलेस, ॲल्युमिनियमच्या आणि स्प्रिंग स्टीलच्या. हातात घेतल्यावर बहुतेक जण आधी धारेवर अंगठा फिरवतात आणि बोथट लागली की चालेल म्हणतात. पण तलवार दगा देते ती मुठीच्या आत, जिथे पातं संपून त्याची शेपटी म्हणजे टँग सुरू होते. म्हणून हे परीक्षण मुठीपासून.

शोभेची तलवार भिंतीवर छान दिसते, तिथेच राहू द्यावी. बऱ्याचदा तिच्या पात्याला मागून एक बारीक आटेदार सळई वेल्डिंग केलेली असते. वेल्डिंगलगतचा धातू कमकुवत होतो आणि अडवलेल्या प्रत्येक वाराचा ताण नेमका तिथेच येतो. तडा परजेखाली, म्हणजे मुठीवरच्या आडव्या संरक्षक पट्टीखाली पडत असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मग एखाद्या साध्या वाराला अख्खं पातं सुटून प्रेक्षकांत जाऊ शकतं. कमरेला लावून दरबारात उभं राहायचं असेल तर ही तलवार ठीक. पात्याला पातं लागणार असेल तर अजिबात नको.

ॲल्युमिनियमचं वजन त्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. लांबलचक लढाईत हा मोठा फायदा, कारण मनगट थकलं की वार भरकटतो. पण धातू मऊ असल्याने खाचा लगेच पडतात, खाचेच्या कडेला बर म्हणजे धातूची टोचणारी कुसळं उभी राहते, आवाज बसका येतो आणि कपड्यांना राखाडी डाग लागतात. पोलादी तलवारीसमोर ही कधीच देऊ नये. कड पार कुरतडली जाते. वाकलेलं पातं ठोकून सरळ केलं तरी तिथे ते कच्चंच राहतं, तेव्हा ते बादच करावं.

सतत प्रयोग होणार असतील तर आमची पसंती स्प्रिंग स्टीलला. पातं वाकून परत जागेवर येतं आणि खणखणाट खरा वाटतो. घेताना बघायचं ते असं: कड २ ते ३ मिमी जाड आणि गोलसर, टोक नाण्यासारखं गोल, टँग रुंद आणि पात्याच्याच पट्टीतून काढलेली. पातं आणि टँग जिथे जुळतात तो खांदा काटकोनी नसावा, गोलाई दिलेला असावा. काटकोनातच तडा सुरू होतो. एकहाती तलवारीला ९०० ग्रॅम ते १.२ किलो वजन पुरे. मूठ नटाने उघडता येणारी असेल तर उत्तम, कारण टँग डोळ्यांनी तपासता येते. मात्र नट प्रयोगागणिक ढिला होतो. पान्याने आवळण्याचं काम प्रॉपर्टी म्हणजे नाटकाचं सामान सांभाळणाऱ्या एकाच माणसाकडे असावं, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने आवळला असेल.

प्रयोगाआधीची तपासणी पाच मिनिटांची. मूठ धरून पात्याच्या सपाट बाजूवर टिचकी मारा: स्वच्छ नाद आला तर ठीक, खरखर आली तर नट ढिला आहे किंवा तडा गेला आहे. मग कापसाचा बोळा दोन्ही कडांवरून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे बर आहे. बारीक कानस पात्याच्या लांबीत, कडेला जवळपास टेकवून चालवा, मग २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर. ग्राइंडर लावू नका. तापून पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा उतरतो. गंज लागू नये म्हणून तेलाचा हात द्या, पण मुठीला तेल लागता कामा नये.

इतकी चांगली तलवारही अंतर चुकलं तर लागतेच. हात पूर्ण ताणल्यावर टोक समोरच्याच्या अंगापासून किमान वीतभर अलीकडे राहिलं पाहिजे. आधी नजरानजर, मग वार करणाऱ्याने हात उचलून इशारा द्यायचा, समोरच्याने अडवायची तयारी घ्यायची, आणि नंतरच वार सोडायचा. अडवताना परजेजवळचा पात्याचा एक तृतीयांश हिस्सा वापरावा, टोकाकडचा नव्हे. खुपसण्याचा वार समोरच्याच्या कमरेच्या बाहेरून काढायचा, आणि पातं तोंडासमोरून कधीच न्यायचं नाही. प्रत्येक प्रयोगाआधी त्याच कपड्यांत, त्याच बुटांत लढाई एकदा संथ आणि एकदा प्रयोगाच्या वेगाने करून घ्यावी. ‘कालच तर केली’ म्हणून ही तालीम सगळ्यात आधी गळते.

गर्दीच्या लढाईत मागच्या रांगेला फोमच्या तलवारी दिल्या तरी चालतं. त्यांच्या आत बहुधा फायबरग्लासची दांडी असते आणि टोकाचा फोम झिजला की ती बाहेर डोकावते. टोक अंगठ्याने दाबून बघा. दांडी बोटाला लागली तर ती तलवार बाजूला काढा. फोम शाबूत असला तरी तिने खुपसायचं नाही.