पाम्पास की जंगल? रुरेनाबाकेहून निघणाऱ्या दोन सफरींचा तुलनात्मक आढावा

बोलिव्हियाच्या उत्तरेला बेनी नदीच्या काठी रुरेनाबाके नावाचे लहानसे गाव आहे. सॅक पाठीला लावून दक्षिण अमेरिका फिरणाऱ्या आणि ॲमेझॉनचे खोरे तुलनेने कमी खर्चात पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठी ते अनेक वर्षांपासून मोठे प्रवेशद्वार ठरले आहे. गावातल्या जवळपास प्रत्येक टूर एजन्सीत दोनच मुख्य पर्याय समोर ठेवले जातात: याकुमा नदीकाठची पाम्पास, म्हणजे पाणथळ गवताळ मैदाने, आणि मादिदी राष्ट्रीय उद्यानातले घनदाट जंगल. ज्यांच्याकडे आठवडा मोकळा आहे ते दोन्ही करतात. पण बहुतेकांकडे तीन-चार दिवसच असतात आणि निवड करावीच लागते. हा आढावा अशा वाचकासाठी आहे.

दोन्ही ठिकाणे एकाच गावाहून गाठता येत असली, तरी भूगोलाच्या दृष्टीने ती अगदी वेगळी आहेत. मादिदीची स्थापना १९९५ मध्ये झाली, त्याचे क्षेत्रफळ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर आहे आणि ते दोनशे मीटरांहून कमी उंचीच्या सखल अरण्यापासून अँडीजच्या जवळजवळ सहा हजार मीटर उंचीच्या हिमशिखरांपर्यंत चढत जाते. उंचीच्या या विलक्षण पल्ल्यामुळेच एकट्या या उद्यानात पक्ष्यांच्या हजाराहून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे. प्रवासी मात्र यातला सखल भागच पाहतो. पाम्पास हा यानोस दे मोहोस या विस्तीर्ण मैदानाचा भाग आहे, जिथे जमिनीला उतार जवळजवळ नसल्याने पावसाचे पाणी महिनोन्‌महिने साचून राहते. याच मैदानातल्या तीन नद्यांच्या खोऱ्यांतले मिळून सुमारे ६९ लाख हेक्टर क्षेत्र २०१३ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. हे मैदान निर्मनुष्य कधीच नव्हते, हेही जाता जाता सांगायला हवे. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधी इथल्या रहिवाशांनी कालवे, बांध आणि उंचवटे रचून पुराच्या पाण्याशी जुळवून घेणारी शेती उभी केली होती.

पाम्पासच्या सफरीचा साचा ठरलेला आहे. सकाळी जीपने निघून सुमारे तीन तासांत सांता रोसा दे याकुमा गाठायचे, तिथून लांब, अरुंद मोटारहोडीत बसायचे आणि पुढचे तीन दिवस व दोन रात्री बहुतेक वेळ पाण्यावर काढायचा. कोरड्या हंगामात होडी सुटल्यानंतर थोड्याच वेळात प्राणी दिसू लागतात आणि मग ते थांबत नाहीत. चिखलात आडवे पडलेले केमन, म्हणजे मगरीचे इथले भाऊबंद, काठावर पिल्लांसह चरणारे कॅपिबारा, म्हणजे उंदराच्या कुळातले मोठे प्राणी, ओंडक्यावर ओळीने ऊन खाणारी कासवे, उथळ पाण्यात उभा असलेला पांढरा, लाल गळपट्ट्याचा जाबिरू करकोचा, हे सारे होडीतून न उतरता दिसते. काठच्या झुडपात सेरेरे नावाचा, तुरेवाला, निळ्या चेहऱ्याचा पक्षी धापा टाकल्यासारखा आवाज करत बसलेला असतो. तो पाने खाऊन जगतो, उडायला अगदी बेताचा आहे, त्यामुळे होडी जवळ आली की फांद्यांवर आदळत, धडपडत जेमतेम पुढच्या झुडपापर्यंत जातो. रात्री टॉर्चच्या उजेडात केमनचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. नदीच्या रुंद वळणांवर गुलाबी डॉल्फिन, स्थानिकांच्या भाषेत बुफेओ, श्वास घेण्यासाठी वर येतात, आणि २०१२ मध्ये बोलिव्हियाने त्यांना कायद्याने नैसर्गिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे.

जंगलात यातले काहीच इतक्या सहज घडत नाही. बेनी आणि पुढे तुइची नदीतून होडीने वर जायचे, लॉजवर सामान टाकायचे आणि मग पायी चालायचे. सह्याद्रीत ट्रेक करण्याची सवय असलेल्याला इथली चाल सोपी वाटेल, कारण मोठी चढण फारशी नाही. थकवा येतो तो दमट हवेचा, चिखलाचा आणि सतत सावध राहण्याचा. तासभर चालूनही एकही मोठा प्राणी दिसत नाही, असे वारंवार होते, कारण प्राणी एकतर तीस-चाळीस मीटर उंच छतात असतात किंवा माणसाची चाहूल लागताच पांगतात. इथे पाहायचे असते ते वेगळेच: पानांचे तुकडे डोक्यावर धरून निघालेल्या मुंग्यांनी वाटेवर घासून तयार केलेली गुळगुळीत पायवाट, चिखलातला टापिर या छोट्या सोंडेच्या प्राण्याचा तीन बोटांचा ठसा, किंवा पोकळ खोडात मुंग्यांना आश्रय देणारे ते झाड, ज्याला इथे ‘सैतानाचे झाड’ म्हणतात. गाइड सुरीच्या मुठीने त्याच्या खोडावर दोनदा टकटक करतो आणि क्षणात बारीक छिद्रांतून लालसर मुंग्या बाहेर पडून हल्लेखोराचा शोध घेऊ लागतात. झाडाने त्यांना घर दिलेले असते आणि त्या बदल्यात त्या झाडाची राखण करतात. रानडुकरांचा मोठा कळप जवळ असेल, तर आधी उग्र वास येतो, मग दात वाजल्याचा खडखडाट ऐकू येतो, आणि कळप दिसतो तो सर्वांत शेवटी, तोही दिसला तर.

या फरकातूनच माझ्या मते निवडीचा खरा निकष निघतो. पाम्पासची सफर मध्यम कुवतीच्या गाइडबरोबरही बऱ्यापैकी पार पडते, कारण प्राणी उघड्यावर असतात आणि नदी स्वतःच वाट दाखवते. जंगल मात्र पूर्णपणे गाइडवर अवलंबून असते. त्याला आवाज ओळखता येत नसतील, झाडांची माहिती नसेल किंवा तुम्हाला समजेल अशा भाषेत बोलता येत नसेल, तर तीन दिवस केवळ हिरव्या भिंतीमधून चालल्यासारखे जातात आणि परतलेला प्रवासी ‘जंगलात काहीच नव्हते’ असे सांगतो. म्हणून ज्याचे बजेट अगदी ओढाताणीचे आहे त्याने पाम्पास निवडावे, आणि ज्याला जंगलच पाहायचे आहे त्याने स्वस्तातल्या टूरवर जंगल उरकण्यापेक्षा थोडे थांबून, पैसे साठवून, चांगल्या गाइडसह जावे, असे मी आग्रहाने सांगेन. जंगलासाठी तीन रात्रींपेक्षा कमी वेळ देण्यातही अर्थ नाही, कारण पहिला दिवस पोहोचण्यात जातो आणि डोळे-कान सरावायला दुसरा दिवस लागतो.

चांगला गाइड कुठे मिळतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्थानिक आदिवासी समाज चालवत असलेल्या लॉजकडे जाते. तुइचीवरचे चालालान हे सान होसे दे उचुपियामोनास या गावाने १९९० च्या दशकात उभे केले, तर सान मिगेल देल बाला हे ताकाना समाजाचे लॉज रुरेनाबाकेहून होडीने तासाभराच्या आतच येते. इथले गाइड याच अरण्यात लहानाचे मोठे झालेले असतात. दर अर्थातच गावातल्या साध्या टूरपेक्षा बरेच जास्त आहेत. पण बेनीच्या खोऱ्यात सोन्याच्या खाणकामामुळे पाऱ्याचे प्रदूषण वाढत असताना आणि बाला व चेपेते इथल्या प्रस्तावित धरणांना नदीकाठची गावे विरोध करत असताना, जंगल राखूनही पोट भरता येते हे त्या गावांना दाखवून देणारा पैसा योग्य ठिकाणी जातो, असे मला मनापासून वाटते.

गाइडशिवाय मादिदीत शिरण्याचा विचार कोणी करू नये. १९८१ मध्ये योसी गिन्सबर्ग हा इस्रायली तरुण तुइचीच्या परिसरात सोबत्यापासून ताटातूट झाल्यावर सुमारे तीन आठवडे एकटा भटकत राहिला आणि कसाबसा वाचला; त्याच्या चार जणांच्या गटातले दोघे कधीच सापडले नाहीत.

हंगामाचा विचार दोन्हीकडे सारखा लागू होत नाही. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ पाम्पाससाठी सर्वोत्तम, कारण मैदानातले पाणी आटते आणि प्राणी नदीच्या पात्राशी गोळा होतात; पावसाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, तेच प्राणी सर्वत्र विखुरतात आणि डासांचे थवे असह्य होतात. जंगल पावसाळ्यातही पाहण्यासारखे असते, पण वाटा चिखलाने भरतात, नद्या फुगतात आणि ला पाझहून येणारा रस्ता दरडींमुळे बंद पडू शकतो. कोरड्या हंगामाच्या शेवटी, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, शेतीसाठी लावलेल्या आगींचा धूर पसरतो आणि २०२४ सारख्या वाईट वर्षी तो प्रवासच बिघडवतो. त्यामुळे माझी पसंती जून-जुलैला आहे, मात्र तेव्हा दक्षिणेकडून येणारा ‘सुरासो’ हा थंड वारा दोन-तीन दिवस हवा गारठवू शकतो, आणि उष्ण प्रदेश म्हणून स्वेटर न घेता गेलेल्यांची उघड्या होडीत चांगलीच पंचाईत होते.

खाण्याच्या बाबतीत दोन्हीकडे फारसा फरक नाही: भात, तळलेली केळी, युका (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद), अंडी, मासे किंवा कोंबडी. शाकाहारी वाचकांनी ‘मांस नको’ एवढेच सांगून थांबू नये, कारण त्यातून बहुतेक वेळा फक्त गोमांस वगळले जाते. कोंबडी आणि मासेही नकोत, हे स्पष्टपणे आणि आगाऊ सांगावे. कीटकांचे म्हणाल, तर पाम्पासमध्ये डास जास्त आणि नदीकाठी दिवसा मारिग्वी नावाच्या बारीक माश्या जास्त त्रास देतात, ज्यांच्या चाव्यांची खाज कित्येक दिवस जात नाही. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट दोन्हीकडे आवश्यक आहे. मलेरियाविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावर घ्यावी, कारण त्याचे प्रमाणपत्र नसेल तर अशा देशातून भारतात परतणाऱ्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

पाम्पासच्या बाबतीत एक गोष्ट मला खटकते आणि ती निवड करतानाच लक्षात घ्यावी. ॲनाकोंडा शोधण्याच्या कार्यक्रमात काही गाइड साप पकडून पर्यटकांच्या हातात देतात, माकडांना केळी देऊन होडीवर बोलावतात. हातांवर लावलेले डास पळवणारे औषध सापाच्या त्वचेला अपायकारक असते आणि खायला घातलेली माकडे हळूहळू माणसांवर अवलंबून राहू लागतात. बुकिंग करताना ‘आम्ही प्राण्यांना हात लावणार नाही’ असे सांगून एजन्सीची प्रतिक्रिया पाहावी. तिथेच बरेच कळते. डॉल्फिनबरोबर पोहण्याविषयीही माझे मत सावध आहे. डॉल्फिन असतात तिथे केमन येत नाहीत, असे गाइड सांगतात, पण त्याच नदीत काळे केमनही राहतात, आणि त्या भरवशावर मी कुणाला पाण्यात उतरायला सांगणार नाही.

ज्याला काहीही करून जॅग्वार पाहायचा आहे, त्याने या दोन्ही सफरी बाजूला ठेवून ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशाचा विचार करावा. कुयाबाहून पोकोने आणि तिथून ट्रान्सपांतानेइरा या कच्च्या रस्त्याने सुमारे १४५ किलोमीटरवर पोर्तो जोफ्रे लागते, जिथे जुलै ते ऑक्टोबरमध्ये नदीकाठी जॅग्वार दिसण्याची शक्यता जगात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त असल्याचे मानले जाते. खर्च मात्र रुरेनाबाकेच्या कित्येक पट असतो. मादिदीतही जॅग्वार आहे, पण तिथे त्याचा ठसा दिसला तरी सफर सार्थकी लागली असे समजावे.

दोन्ही सफरी जमत असतील, तर पाम्पास आधी आणि जंगल नंतर, हा क्रम मी सुचवेन. मोकळ्यावर प्राण्यांची चाल आणि पक्ष्यांचे आवाज आधी ओळखीचे झाले की जंगलात ते ऐकताच लक्षात येतात. उलट क्रमाने गेलेल्याला जंगलातल्या आवाजांचा अर्थ लागत नाही. परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, कारण रुरेनाबाकेची लहान विमाने पावसात रद्द होतात, आणि रस्त्याने ला पाझला पोहोचायला पंधरा तासांहून अधिक लागू शकतात.