जवाचा माल्ट: स्कॉटलंडच्या हलक्या एलच्या कसोटीवर

मी अमळनेर तालुक्यात इतिहासाचा शिक्षक होतो. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे एकीकरण झाले, त्या कराराचे सातवे कलम मला नेहमीच जवळचे वाटत आले आहे, कारण त्यात एलच्या, म्हणजे एका प्रकारच्या बिअरच्या, पिंपाचा भाव नमूद केलेला आहे: ३४ गॅलनचे पिंप ९ शिलिंग ६ पेन्सला, आणि किरकोळीत एक स्कॉटिश पाइंट, म्हणजे सुमारे १.७ लिटर, २ पेन्सला. अशा पिंपावर २ शिलिंगांहून अधिक अबकारी कर लावू नये, असे त्या कलमाने ठरवून दिले. पुढे १७२५ मध्ये स्कॉटलंडात माल्टवर, म्हणजे एल करण्यासाठी मोड आणून वाळवलेल्या धान्यावर, बुशेलमागे (हे धान्याचे माप) ३ पेन्स कर बसला, तेव्हा ग्लासगोत दंगल उसळली. रोजच्या पेयाशी लोकांचा जीव किती जडलेला होता, हे यावरून कळते.

म्हणून जवाचा माल्ट ऑनलाइन मागवला, तेव्हा त्याची परीक्षा ‘६० शिलिंग’ नावाच्या हलक्या स्कॉटिश एलवर घ्यायची, असे ठरवले. हे नाव एकोणिसाव्या शतकात पिंपाच्या किमतीवरून पडले, आणि आज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एलमध्ये मद्यार्क साधारण ३ टक्के असतो. कडक पेयात माल्टचे दोष झाकले जातात, इतक्या हलक्या पेयात ते झाकले जात नाहीत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे साखरेचा मद्यार्क करणारे यीस्ट टाकण्याआधीच मी थांबलो. माल्ट पारखायला तेवढे पुरेसे आहे.

पहिल्यांदा विक्रेत्याकडूनच भरडून आलेले २ किलोचे पाकीट घेतले, आणि तिथे फसगत झाली. भरडा म्हणून जे आले, त्यात निम्मे पीठ होते. गरम पाण्यात त्याची खीर झाली, आणि गाळायला बसलो तर कापडातून थेंबही उतरेना. जवाची फोलपटे अखंड राहिली, तर तीच गाळणीचे काम करतात; ती दळली गेली की सगळा गोळा बसतो. पाकिटावर भरडल्याची तारीखही नव्हती, आणि वास शिळ्या पिठासारखा होता. विक्रेत्याला कळवले, परंतु उत्तर आले नाही.

दुसऱ्यांदा त्याच विक्रेत्याचा अख्खा दाणा ५ किलो मागवला. दाणा टपोरा, कोरडा आणि दाताखाली कुरकुरीत होता; चावताच गोडी जाणवली. त्यातला २ किलो गल्लीतल्या चक्कीवर नेला, तेव्हा चक्कीवाल्याने विचारले, “सर, रवा काढू का भरडा?” मी भरडा सांगितला. त्याने दगड सैल केले, पहिली मूठ माझ्या तळहातावर ठेवली, आणि दाण्याचे दोन-तीन तुकडे होऊन फोलपट शाबूत राहील इतके अंतर जमल्यावरच बाकीचे टाकले.

२ किलो भरडा ७४ अंशांच्या ५ लिटर पाण्यात कालवला, तेव्हा तापमान ६८ वर स्थिरावले. पातेले गोधडीत गुंडाळून तासभर ठेवले. तासाने बशीत एक थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकले. ते निळे-काळे झाले नाही, म्हणजे स्टार्चची साखर झाली होती. नंतर चोथ्यावर ७६ अंशांचे पाणी झारीने हळूहळू शिंपडले. एकदाच भिजवून वरून पाणी शिंपडत राहण्याची ही पद्धत स्कॉटलंडात आधी रुळली, आणि घरच्या पातेल्यालाही ती सोयीची आहे. गाळलेले पाणी १५ ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) टाकून तासभर उकळले, आणि शेवटी साडेबारा लिटर हाती आले.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घनता मोजण्याचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला असतो, आणि एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरात पातेले ३८ अंशांखाली निवलेच नाही. आकडा १.०२८ दिसला, तापमानाची दुरुस्ती केल्यावर तो १.०३३ निघाला, म्हणजे ६० शिलिंगला हवा तेवढाच. दुरुस्ती न करता मी माल्टला कमी गुण दिले असते, आणि ते अन्यायाचे झाले असते.

फ्रीजमध्ये गार केलेले हे गोड पाणी घरात सर्वांनी प्यायले. त्याला दादर ज्वारीच्या भाकरीच्या खरपूस पापुद्र्याचा वास होता, आणि गोडीमागून हॉप्सचा बेताचा कडवटपणा येत होता. शिळेपणा कुठेही नव्हता. चोथा त्याच दुपारी शेजारच्या म्हशीपुढे ठेवला, कारण या उन्हात तो संध्याकाळपर्यंत आंबतो.

अख्ख्या दाण्याला मी ५ पैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण माल्ट तयार केल्याची तारीख पिशवीवर नसल्यामुळे कापला. भरडलेल्या पाकिटाला दीडच. उरलेला ३ किलो दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात आहे, आणि त्याचा भरडा मी आमच्या चक्कीवरच काढून घेणार आहे.