येझदीचा इलेक्ट्रॉनिक कटआउट: आठ महिने वापरल्यावर

कटआउट, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी यांच्यात जोडणी करणारा-तोडणारा आणि व्होल्टेज आवरणारा डबा, बसवला नोव्हेंबरात, आता जुलै संपत आलाय. अडीच हजार किलोमीटरच्या आसपास गाडी चालली. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या, आणि त्याही भलत्यालाच बसल्या असत्या.

गाडी वडिलांची. १९८१ सालची येझदी २५० मोटरसायकल, सहा व्होल्टची, इग्निशनला पॉइंटवाली, वीज बनवणारा डायनॅमो थेट क्रँकच्या टोकावर. इग्निशन बॅटरीवर चालतं, त्यामुळे चार्जिंग गेलं की फक्त हॉर्न आणि दिवा जात नाही, थोड्या वेळाने गाडीच बसते. मूळ कटआउट म्हणजे डब्यात एक कॉइल आणि जुळणारे-सुटणारे नाजूक पॉइंट. गेल्या पावसाळ्यात ते पॉइंट चिकटले. इंजिन बंद करून मी घरात आलो, पण बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत वाहतच राहिला. आई म्हणाली, "बाहेर कसलं रबर जळतंय रे?" जाऊन बघतो तर लाल वायरचं कव्हर पातळ होऊन फ्रेमवर ओघळलेलं. बॅटरीची वायर ओढून काढली म्हणून वाचलो.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ लाच बंद झाला, तेव्हा नवा मूळ पार्ट मिळेल ही आशा सोडा. नाना पेठेत दोन चकरा मारल्या. जुने म्हणून दाखवले ते माझ्यापेक्षा गंजलेले निघाले. शेवटी इलेक्ट्रॉनिक घेतला. काड्यापेटीपेक्षा जरा मोठा, पाठीला ॲल्युमिनियमच्या पात्या, टर्मिनलवर जुनीच खूण: डी (डायनॅमो), डीएफ (डायनॅमोची फील्ड कॉइल), ५१ (बॅटरी) आणि ६१ (चार्जिंगचा लाल दिवा). वायरी जशाच्या तशा लागल्या. वीस मिनिटांचं काम.

आणि तरी चार्जिंग नाही. म्हणजे कधी होतं, कधी नाही. मीटरवर एकदा ६.१ व्होल्ट, लगेच पुढच्या खड्ड्यात ८ च्या वर. पंधरा दिवसांत हेडलाइटचे दोन बल्ब उडाले. दुकानात नेला तर त्यांनी बदलून दिला, वर ऐकवलं, "साहेब, वायरिंग बघा." मला तेव्हा ते टाळणं वाटलं. दुसऱ्या डब्यानेही तेच नाटक केलं तेव्हा डोकं ठिकाणावर आलं.

आमच्या मिस्त्रींनी मग बल्बची टेस्ट दाखवली. ही आधी केली असती तर बल्ब, पेट्रोल आणि महिना वाचला असता. कटआउटवरून डी आणि डीएफच्या वायरी काढायच्या. डीएफची वायर बॉडीला टेकवायची. डीची वायर आणि बॉडी यांच्यात सहा व्होल्टचा बल्ब धरायचा आणि गाडी चालू करून हळूहळू रेस द्यायची. बल्ब लख्ख पेटत गेला तर डायनॅमो ठीक, दोष पुढे. जास्त रेस द्यायची नाही, मध्ये कटआउट नसल्याने बल्ब उडतो. माझा बल्ब मिणमिणत होता, तोही थरथरत.

उजवं कव्हर उघडलं. आर्मेचरला, म्हणजे डायनॅमोच्या फिरत्या भागाला, घासून वीज घेणारा एक कार्बन इतका झिजलेला की स्प्रिंगला दाबायला काही उरलंच नव्हतं. आर्मेचरचं तांबं काळंकुट्ट, पट्ट्यांच्या मधल्या खाचा कार्बनच्या पुडीने बुजलेल्या. झिरो पेपर गुंडाळून फिरवला, खाचा तुटक्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने कोरल्या, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं. नवे कार्बन टाकले. आता बल्ब असा पेटला की मिस्त्री स्वतःच म्हणाले, "बस बस, सोड रेस."

पण ८ व्होल्टचं कोडं तसंच होतं. ते मात्र माझंच पाप निघालं. आदल्या वर्षी हौसेने फ्रेम मरून रंगात रंगवून घेतली होती, आणि कटआउट त्या जाड रंगावरच आवळला होता. इंजिन चालू ठेवून कटआउटची बॉडी आणि बॅटरीचं मायनस यांच्यात मीटर लावला तर ०.८ व्होल्ट दिसले. तिथे जवळपास शून्य हवं. अर्थिंग, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसशी असलेली जोडणी, अर्धवट असलं की कटआउटला व्होल्टेज खऱ्यापेक्षा कमी भासतं आणि तो डायनॅमोला आणखी जोर लावायला सांगतो. अर्थिंग पूर्ण सुटलं की फील्डच बंद, चार्जिंग शून्य. दोन्ही लक्षणं एकाच बोल्टमुळे. रंग खरवडला, दातेरी वॉशर टाकला, वर एक जाड काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. मीटर ०.०५ वर आला.

तेव्हापासून, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून, चार्जिंग ७.१ ते ७.२. हेडलाइट लावला की ६.९. बॅटरी बाहेर काढून चार्जरला एकदाही लावलेली नाही. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात पूर्वी मी पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवून जायचो. आता स्वतःचा उजेड रस्त्यावर पडलेला दिसतो. पिवळाच, पण स्थिर. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, त्या राइडला भर पावसात गेलो. डबा भिजला, चार्जिंगला काही झालं नाही.

तक्रारी आहेत. जुन्या कटआउटमध्ये पॉइंट जुळले की सरळ जोडणी व्हायची; यात मधे डायोड असल्याने थोडं व्होल्टेज खाल्लं जातं, म्हणून चार्जिंग जरा जास्त रेसवर सुरू होतं. चार्जिंगचा लाल दिवा पूर्वी फटकन विझायचा, आता अंधारात बारीक लालसर धुगधुगी राहते. सुरुवातीला दर चार मिनिटांनी तिकडे नजर जायची. शिवाय डबा तापतो. सीटखाली फडकं कोंबायची माझी सवय मोडावी लागली. आणि बिघडला तर हा उघडून दुरुस्त होत नाही, सगळा राळेत बुडवलेला आहे. जुन्याचे पॉइंट निदान घासता यायचे.

पुन्हा घेईन का? घेईन, पण आधी कार्बन, मग अर्थिंग, मग दुकान. वडिलांना अजून तो पटलेला नाही. चिकटलेला जुना कटआउट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टूलबॉक्समध्ये ठेवलाय, "वाटेत लागला तर" म्हणून.

सिग्नलला मंद रेसवर उभा राहिलो की हॉर्न अजूनही खोकतो. ते कोणत्याच डब्याने जाणार नाही. त्या रेसला डायनॅमो काही देतच नाही, देते ती बॅटरी. पुढचा शहाणा असेल तर आपोआप सरकतो, नाहीतर थोडी रेस द्यायची आणि मग वाजवायचा.