जिऑलॉजीच्या पीएचडीसाठी 'स्टडी अब्रॉड' सल्लागार: ५ पैकी १ स्टार (तोही चहाचा)

ऑफिसचं नाव लिहीत नाहीये, कारण ओळखीतल्या पोरांशी बोलल्यावर कळलं की सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं, त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा कमी आणि त्या धंद्याचा जास्त समजा. एमएस्सी जिऑलॉजी झालंय, परदेशात पीएचडी करायचीय, तर पैसे भरून सल्लागाराकडे जावं का? नको. का नको ते सविस्तर लिहितो, आणि त्याऐवजी फुकटात काय काय आहे तेही लिहितो, वेळ असेल तर वाचा.

धाकट्या बहिणीचं एमएस्सी झालं. मीही जिऑलॉजीवालाच, पण मी भूजल सर्व्हे आणि बोअरच्या लाईनला लागलो, रिसर्चचं मला काही फार कळत नाही. पप्पांच्या मित्राचा मुलगा याच सल्लागाराकडून कॅनडाला गेला (एमबीए, बरं का) म्हणून पप्पांनी परस्पर रजिस्ट्रेशन फी भरून टाकली आणि मग आम्ही दोघं गेलो. एसी, कॉफी टेबलवर युनिव्हर्सिट्यांची चकचकीत ब्रोशरं, चहा खरंच चांगला होता.

काउन्सेलर मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि कोर्स शोधायला लागल्या. त्यांच्या सॉफ्टवेअरमधे जिऑलॉजी नावाचा प्रकारच नव्हता. मग त्यांनी जिऑग्राफी टाकलं, मग पेट्रोलियम इंजिनिअरिंग, मग एन्व्हायर्नमेंटल मॅनेजमेंट. बहीण म्हणाली, मॅडम माझं डिझर्टेशन नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या डाइक्सवर (भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती) आहे, मला इग्नियस पेट्रॉलॉजी (शिलारसापासून बनलेल्या खडकांचा अभ्यास) किंवा जिओकेमिस्ट्रीतच (खडकांचं रसायनशास्त्र) करायचंय. त्यावर मॅडम अगदी हसतमुखाने, "हो हो, स्टेममधे (सायन्स-टेक्नॉलॉजी-इंजिनिअरिंग-मॅथ्स) येतं ना, मग काहीच प्रॉब्लेम नाही!" बहिणीने माझ्याकडे बघितलं, मी चहाकडे.

पुढचा सल्ला असा की पीएचडी डायरेक्ट मिळत नसते, आधी तिकडचं एक मास्टर्स करायचं, मग आपोआप होतं. पॅकेजमधे पाच युनिव्हर्सिट्या, एसओपी (हा विषय मला का शिकायचाय ते सांगणारं अर्जासोबतचं पत्र), आणि रेकमेंडेशन लेटर्सचे ड्राफ्टसुद्धा 'आमची टीम' लिहून देणार, सगळं मिळून आकडा पन्नास हजारांच्या घरात. नमुन्याची एसओपी दाखवली, पहिलंच वाक्य 'लहानपणापासून मला दगडांचं प्रचंड आकर्षण होतं'. अहो पण ज्या प्रोफेसरला हे पाठवायचंय त्याला असली पन्नास पत्रं येत असतील ना एकेका सीझनला, लहानपणीचे दगड घेऊन तो काय करणार.

आता मूळ मुद्दा. हे लोक सीट विकतात. फी भरणारा विद्यार्थी मास्टर्सला लागला की युनिव्हर्सिटीकडून कमिशन मिळतं, त्यात चोरी काही नाही, धंदा आहे. पण अर्थ सायन्सेसमधली पीएचडी म्हणजे, निदान युरोपात तरी, बहुतेकदा ॲडमिशन नसतंच, ती नोकरी असते. एका प्रोफेसरकडे एका प्रोजेक्टचे पैसे आलेले असतात, त्यातून तीन-चार वर्षांची एक जागा निघते, जाहिरात येते, इंटरव्ह्यू होतो, पगार सुरू. यात फी नाही, म्हणजे कमिशन नाही, म्हणून सल्लागाराच्या सॉफ्टवेअरमधे ही जागा कधी दिसणारच नाही. मॅडमचा दोष नाही, त्यांच्या दुकानात हा माल येतच नाही.

आणि 'आधी तिकडे मास्टर्स करा' हा सल्ला नुसता खर्चिक नाही, तो चक्क आडवा येऊ शकतो. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा असतात, पगाराला चांगल्या आणि जगभरातल्या उमेदवारांना खुल्या. त्यांची अट अशी की भरतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले, शिकलेले किंवा काम केलेले नसावेत. म्हणजे समजा जर्मनीत दोन वर्षं मास्टर्स केलं आणि लगेच जर्मनीतल्याच अशा जागेला अर्ज केला तर गेली ना संधी. इकडे धुळ्यात बसलेली मुलगी मात्र त्याच जागेला बसते! लाखांनी खर्च करून अपात्र व्हायचं, कमाल आहे. हे मॅडमना विचारलं तर त्यांनी वहीत 'मारी क्युरी' लिहून घेतलं, म्हणाल्या सिनियरला विचारून सांगते. अजून सांगतायत.

बरं, मग काय वापरायचं. आम्ही जे वापरतोय त्याचं सांगतो.

पहिला नंबर ईजीयू, म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियन, तेच ते दर वसंतात व्हिएन्नाला मोठं अधिवेशन भरवणारे. त्यांच्या साईटवर जॉब्सचं पान आहे, बघायला पैसे लागत नाहीत. मला आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक जाहिरातीत कुठल्या शाखेची ते लिहिलेलं असतं, भूकंपशास्त्र वेगळं, पेट्रॉलॉजी-व्होल्कॅनॉलॉजी वेगळं, हायड्रॉलॉजी वेगळं, त्यामुळे दगडवाल्याला ढगवाल्यांच्या जाहिराती चाळत बसायला नको. शेवटची तारीख, पगार, लेव्हल सगळं वरच. माझ्याकडून ५ पैकी ५.

दुसरं युरॅक्सेस, हे युरोपियन कमिशनचं रिसर्चच्या नोकऱ्यांचं पोर्टल. इथे सगळ्या विषयांच्या जागा असतात त्यामुळे पहिल्यांदा उघडलं की माणूस बावरतो, पण दोनच फिल्टर लावा, विषयात जिओसायन्सेस आणि प्रोफाईलमधे आर१. आर१ म्हणजे पीएचडी सुरू करणारे, आर४ म्हणजे मुरलेले प्रोफेसर. ही खूण माहीत नसली तर मग डिपार्टमेंट हेडच्या जागा वाचत बसाल. ४ स्टार, एक कापला कारण फिल्टर न लावता कोणी गेलं तर पळूनच येईल.

बाकी देशवार: नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे, नेदरलँड्ससाठी ॲकॅडेमिक ट्रान्सफर, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके आणि फाइंड-अ-पीएचडी. नॉर्वेचं एक लक्षात ठेवा, तिथे जागा तीन वर्षांची किंवा चार वर्षांची असते, चारवाल्यात पंचवीस टक्के काम शिकवण्याचं वगैरे. ब्रिटनमधे नर्क (एनईआरसी) नावाच्या, पर्यावरणाच्या रिसर्चला पैसे देणाऱ्या कौन्सिलच्या पैशातून (नाव तसं आहे, काय करणार) ज्या जागा निघतात त्यांची गर्दी साधारण जानेवारीच्या तारखांना असते, आणि बाहेरच्या देशांतल्या मुलांसाठी तिथे कमाल तीस टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे चुरस जास्त.

जाहिरात वाचायची कशी हे मात्र कुणीतरी शिकवायला हवं होतं, ते शिकवलं असतं तर मी सल्लागाराला आनंदाने दोन स्टार दिले असते. बहिणीने बाजूला काढलेली एक जर्मन जाहिरात घ्या. वर लिहिलंय 'ई१३, ७५ टक्के'. ई१३ ही तिकडची पगाराची श्रेणी, आपल्याकडच्या पे स्केलसारखी, आणि ७५ टक्के म्हणजे पगार पाऊणपट. कागदावर तास पाऊणच असतात, पण प्रत्यक्षात काम बहुतेकदा पूर्णच. कुठे ६५ टक्के असतं, कुठे निम्मं, त्यामुळे दोन जाहिरातींची तुलना करताना आधी हा आकडा बघायचा. खाली तीन वर्षांचा करार. मग अपेक्षा: जिऑलॉजी किंवा जवळच्या विषयातलं मास्टर्स (आपलं दोन वर्षांचं एमएस्सी बसलं इथे), लॅबचा अनुभव, फील्डवर्कची तयारी. अर्ज एकाच पीडीएफमधे, त्यात पत्र, सीव्ही, मार्कशिटं आणि दोन रेफरन्सची नावं. आणि सगळ्यात तळाशी 'अधिक माहितीसाठी' म्हणून त्या प्रोफेसरचा ईमेल. हा ईमेल शोभेला नसतो! तारखेच्या आधी दोन-चार ओळींचं नेमकं पत्र टाकायचं, तुमचं काय झालंय, त्यांच्या प्रोजेक्टशी कुठे जुळतं, एखादा खरा प्रश्न. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली मोटिव्हेटेड' छाप नको.

सीव्हीवरूनही आमची घरात जुंपली होती. बहिणीने थिन सेक्शन स्वतः बनवलीत, म्हणजे दगड कापून काचेवर चिकटवायचा आणि ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासत न्यायचा, जरा जास्त घासलं की आठवडाभराची मेहनत पाण्यात, कमी घासलं की क्वार्ट्झ पिवळा दिसतो. हे तिने एका ओळीत कुठेतरी शेवटी टाकलेलं, आणि वर मोठ्या अक्षरात कॉलेजच्या गॅदरिंगचं सर्टिफिकेट. म्हटलं अगं बाई, उलटं कर. थिन सेक्शन, मायक्रोस्कोप, किती दिवस फील्ड, कुठला नकाशा स्वतः केला, एक्सआरएफचा (क्ष-किरणांनी खडकातली मूलद्रव्यं मोजतात तो) डेटा हाताळला का, हे वर. "दादा, पण हे तर सगळेच करतात," म्हणे. सगळे करत नाहीत.

रेकमेंडेशन लेटरचे ड्राफ्ट तर विकत घेऊच नका. बऱ्याच ठिकाणी पत्र तुमच्या हातात येतच नाही, लिंक थेट तुमच्या सरांना जाते, नाहीतर इंटरव्ह्यूनंतर त्यांनाच विचारतात. त्यामुळे सरांना वेळेत सांगून ठेवणं आणि तारखेआधी आठवण करणं, एवढंच आपल्या हातात.

अमेरिकेचं गणित वेगळं. तिथे खरंच ॲडमिशन असतं, तारखा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास, अर्जाची फी एकेका ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास जाऊ शकते, आणि फंडिंग टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमधून. पण तिथेही आधी प्रोफेसरला विचारायचं की यंदा विद्यार्थी घेताय का. नाही म्हणाला तर फी वाचली, तोही फायदाच. जीआरई ही प्रवेशाची परीक्षा आता बऱ्याच जिओसायन्स डिपार्टमेंट्सनी काढून टाकली किंवा ऐच्छिक केलीय, सल्लागाराच्या पॅकेजमधे मात्र जीआरईचा क्लास होताच.

आणि एक तक्रार आपल्याच लोकांबद्दल. परदेश परदेश करताना दाराशी काय आहे ते कुणी बघतच नाही. पुण्यात पाषाणला हवामानाच्या रिसर्चची आयआयटीएम आहे, तिकडेच आयसर या विज्ञान संस्थेत अर्थ अँड क्लायमेट सायन्स डिपार्टमेंट आहे, पनवेलला जिओमॅग्नेटिझमची (पृथ्वीच्या चुंबकत्वाची) संस्था, गोव्यात दोना पावलाला समुद्राच्या अभ्यासाची एनआयओ आणि वास्कोला ध्रुवीय रिसर्चची एनसीपीओआर, जिथून आपल्या अंटार्क्टिकाच्या मोहिमा चालतात. कराडच्या लॅबने तर कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला तीन किलोमीटर खोल बोअर मारलंय. आम्ही बोअरवाले तीनशे फुटांवर पाणी नाही लागलं की देवाला हात जोडतो! ऐकून अंगावर काटा आला होता माझ्या.

यासाठी साधारण गेट किंवा सीएसआयआर नेट यांपैकी एक परीक्षा लागते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. नेटला आपला पेपर म्हणजे पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह असं सगळं एकत्र, पण घाबरू नका, शेवटच्या भागात ८० प्रश्नांपैकी २५च सोडवायचे असतात, त्यामुळे आपले दगडांचे निवडून घ्यायचे. मात्र त्या भागात चुकलं तर मार्क कापतात, तुक्के मारू नका. जेआरएफ (नेटमधून मिळणारी रिसर्चची फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, शिवाय घरभाडं. फेलोशिप कधीकधी उशिरा येते असं सगळेच सांगतात, ते धरून चला.

पुढे प्राध्यापकीचं विचाराल तर त्यावर लिहायला माझं रक्त आटतं. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले लोक वर्षानुवर्षं सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवतायत, कायमच्या जागेची जाहिरात आली की त्यातल्या जिऑलॉजीच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. म्हणून बहिणीला सांगितलंय की यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षाही डोक्यात असू दे, जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डाच्या जागा त्यातून भरतात. ती ऐकत नाही तो भाग वेगळा.

तर सल्लागाराकडे कुणी जावं? स्वतःच्या पैशाने किंवा कर्ज काढून मास्टर्सच करायचंय, बँकेची आणि व्हिसाची कागदपत्रं जमवायचा कंटाळा आहे, त्यांनी खुशाल जावं, त्या फायली ते नीट करतात असं दिसलं. पीएचडीवाल्यांनी ते पैसे ठेवून द्यावेत, तिकिटाला होतील.

पप्पांनी भरलेली रजिस्ट्रेशन फी परत मिळत नाही, पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणे. बदल्यात आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासला सवलत देतो म्हणाले. आम्ही काढलेल्या निम्म्या जाहिरातींत 'इंग्रजी चांगलं हवं' यापलीकडे काही मागितलेलंच नाहीये, त्यामुळे ती सवलत कुणाला हवी असेल तर सांगा, ट्रान्सफर होते का विचारतो.