भंवरकुआवरचं फेलोशिप गायडन्स: मॉकला जा, पॅकेज राहू द्या

रेटिंग 5 पैकी अडीच, अन् ते अडीचही एकट्या मॉक इंटरव्ह्यूचे.

भंवरकुआवर पीएससीच्या क्लासेसच्या गर्दीत आता इंटरनॅशनल डेव्हलपमेंट आणि ॲग्रीकल्चरमधल्या रिसर्च जॉब-फेलोशिपचं गायडन्स देणारं एक सेंटर निघालंय. नाव लिहीत नाही, इंदूरचा मराठी समाज केवढासा, संध्याकाळपर्यंत आईला कुणातरी मावशीचा फोन यायचा. पूर्ण पॅकेज 18 हजार, नुसता मॉक 1500. मी एम.एस्सी. ॲग्री, पॅकेज घेतलं, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकते.

त्यांचा 'एक्सक्लुझिव्ह डेटाबेस' म्हणजे एक एक्सेल शीट आहे. इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था), इफ्प्री (अन्नधोरणावर काम करणारी), जे-पाल (गरिबीवरचे कुठले उपाय खरंच चालतात ते तपासणारी), सगळं त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर फुकट दिसतं तेच कॉपी केलेलं, त्यातही अर्ध्या जागांची तारीख उलटून गेलेली. बरं, इक्रिसॅटसारख्या ठिकाणी एकाच कॅम्पसमध्ये दोन प्रकारची भरती असते, एक देशातल्या देशात अन् दुसरी इंटरनॅशनल, अन् दुसरीला बहुतेक वेळा पीएच.डी. आणि वर अनुभव लागतो, हे काउंटरवरच्या मॅडमना माहीतच नव्हतं, त्यांनी मला सरळ दुसऱ्याच रांगेत उभं केलं. यूएनचा जेपीओ (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर, म्हणजे तरुणांसाठी सुरुवातीची नोकरी) प्रोग्रॅमही लिस्टमध्ये होता, त्यातल्या बहुतेक जागा पैसे देणाऱ्या देशांच्या स्वतःच्या नागरिकांसाठी असतात हे कुणी बोललं नाही. आणि गंमत अशी की सेंटरच्या समोरून जो खंडवा रोड जातो त्याच रोडवर 1987 पासूनची आपली सोयाबीन संशोधन संस्था आहे, आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची), तिथे प्रोजेक्टवरच्या जागांसाठी वॉक-इन इंटरव्ह्यू निघतात, ती लिस्टमध्ये नाहीच! फॉरेन नाही ना, मग कशाला.

एसओपीबद्दल (अर्जासोबत 'मी कोण, मला हे का करायचंय' असं लिहून द्यायचं ते) तर विचारूच नका. मला जो ड्राफ्ट आला त्यात मी शेतकऱ्याची मुलगी, लहानपणापासून दुष्काळ पाहिलेली. आमचे बाबा वीज मंडळात, रामबागेत राहतो, घरची शेती म्हणजे गॅलरीतला कढीपत्ता. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाचा ड्राफ्ट पाहिला तर त्याचंही बालपण त्याच दुष्काळात गेलेलं. सीव्हीतून त्यांनी मराठी आणि माळवी दोन्ही काढून टाकलं, का तर इंटरनॅशनल लोकांना काय करायचंय. डेटाच्या क्लासमध्ये एक्सेलचे पिव्होट टेबल झाले अन् संपलं. जे-पालसारख्या ठिकाणी रिसर्च असोसिएटच्या सिलेक्शनमध्ये डेटा टेस्ट असते, स्टाटा किंवा आर (आकडेवारीची सॉफ्टवेअर) यायला हवं, आर फुकट आहे, घरी बसून शिका, त्याला क्लास नको.

आता मॉक. हा भाग खरंच भारी आहे. एक रिटायर्ड शास्त्रज्ञ सर शनिवारी येतात, चहा न पिता दीड तास घाम काढतात. मी प्रश्नांसाठी रटून गेले होते, क्लायमेट चेंज, एसडीजी (यूएनची विकासाची उद्दिष्टं) वगैरे, सरांनी त्यातलं काही विचारलंच नाही. म्हणाले, "बेटा, तू देवासच्या एका गावात सर्व्हे करतेयस, शेतकरी म्हणतो आठ बिघ्यात चाळीस क्विंटल सोयाबीन झालं, तू फॉर्ममध्ये काय लिहिशील?" मी हेक्टरमध्ये बदलायला लागले तर लगेच अडवलं, कुठला बिघा? गाव बदललं की बिघा बदलतो, आधी त्याला विचार. चाळीस क्विंटल मळणीनंतरचं की मंडीत विकलेलं, घरी बियाणं ठेवलं ते धरलं का? मग म्हणे तो सांगतो जेएस 335 पेरलं, तू मानशील? ही सोयाबीनची जात 1994 ची, माळव्यात घरोघरी पोचलेली, बियाणं एकमेकांकडून घेता घेता लोक जुनंच नाव सांगत राहतात, म्हणून आता जातींच्या सर्व्हेत पानांचे नमुने घेऊन डीएनए फिंगरप्रिंटिंगही करतात. हे मला एम.एस्सी.त कुणी सांगितलं नव्हतं.

सीव्ही बघून सरांनी पहिला प्रश्न केला, भाषा कुठे गेल्या? इक्रिसॅटने 1975 पासून ज्या सहा गावांत घराघरांचा हिशोब लिहायला सुरुवात केली त्यातली चार महाराष्ट्रातली, सोलापूरची शिरापूर आणि कळमण, अन् अकोला जिल्ह्यातली दोन. गावात मुक्काम करणारी माणसं ठेवून पेरणी, मजुरी, उधारी सगळं टिपलं, अन् त्या आकड्यांवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी पेपर लिहिले. मराठी समजणारी माणसं नसती तर कोण काय सांगणार होतं? तिथेच पेनाने सीव्हीवर मराठी, माळवी परत लिहिलं, आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता, असो.

सर फीडबॅक लिहून देतात, गुळमुळीत नाही, माझ्या कागदावर "सर्व्हे मॅनेज केला म्हणजे नक्की काय केलं?" असं लाल शाईत होतं. बॅक-चेक (त्याच घरी परत जाऊन केलेली पडताळणी) किती फॉर्मचे केले, सर्व्हेअरने घरी बसून फॉर्म भरला हे कसं पकडलं, हे सांगता आलं पाहिजे म्हणे. रेफरन्स लेटर द्यायला कोण कोण आहे तेही विचारतात आणि नुसत्या मोठ्या नावाच्या प्रोफेसरला नको, ज्याने तुमचं काम बघितलंय त्याला सांगा म्हणतात.

पॅकेजवाल्यांना आणखी एक 'प्रोसेसिंग फी' मागतात, संस्थेकडे फाइल पुढे सरकवायला म्हणे. ती अजिबात देऊ नका, मी नाही दिली. यूएन काय किंवा सीजीआयएआरच्या (इक्रिसॅट, इफ्प्री ज्या गटात येतात त्याच्या) संस्था काय, भरतीसाठी उमेदवाराकडून कुठल्याच टप्प्यावर पैसे घेत नाहीत.

मॉकसाठी गुरुवारपर्यंत नाव लिहावं लागतं, पैसे देताना पावती मागून घ्या नाहीतर नंतर पॅकेज गळ्यात मारायला बघतात. अकराचा स्लॉट घ्या, दुपारनंतर खालच्या क्लासचा माइक सुरू होतो आणि सरांना कमी ऐकू येतं.