सिलेक्टिव्ह पॅलेट रॅक : गाळ्याची उंची खरंच वसूल होते का?

भिवंडीच्या पट्ट्यात 9 मीटर उंचीचे गाळे आता सहज मिळतात. तरी बराच माल अजून जमिनीवर थप्प्या लावूनच ठेवला जातो. खालची खोकी दबतात म्हणून थप्पी फार उंच नेता येत नाही, आणि मागचा माल काढायचा तर पुढची थप्पी हलवावी लागते. भाडं चौरस फुटावर ठरतं, उंची त्यातच येते. ती वापरायचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे सिलेक्टिव्ह पॅलेट रॅक: दोन खांबांच्या फ्रेम, मध्ये आडवे बीम, आणि प्रत्येक पॅलेटपर्यंत (माल रचायच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाटापर्यंत) माल उचलणारी गाडी थेट पोचते.

जागा किती वाचते ते आकड्यांतच पाहिलेलं बरं. गाळा 32.5 बाय 37 मीटरचा, म्हणजे सुमारे 13 हजार चौरस फूट. पॅलेट 1200 बाय 1000 मिमी, हजाराची बाजू गल्लीकडे. एका खणात, म्हणजे दोन फ्रेमच्या मधल्या जागेत, दोन पॅलेट आणि तीन ठिकाणी 100 मिमी मोकळी जागा, म्हणून बीम 2300 चा. खांबाची जाडी धरून खण 2400 मिमी. दोन्ही टोकांना चार-चार मीटर सोडले तर एका रांगेत 12 खण, म्हणजे एका मजल्यावर 24 पॅलेट.

आता गाडी. साध्या फोर्कलिफ्टला मालापासून मालापर्यंत 3.7 मीटर गल्ली धरा, रीच ट्रकला (काटे पुढे सरकवून अरुंद गल्लीत माल काढणाऱ्या गाडीला) 2.8. पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगा 2.5 मीटर घेतात. फोर्कलिफ्टने या गाळ्यात 10 रांगा बसतात, रीच ट्रकने 12. जमीन धरून चार मजले केले तर 960 विरुद्ध 1152 पॅलेट. तोच रॅक, तोच गाळा, फरक 192 पॅलेटचा. त्यामुळे आधी गाडी ठरवा, मग रॅकचं कोटेशन मागवा. बरेच जण उलटं करतात आणि मग गल्ली चुकते. मात्र रीच ट्रक सपाट जमिनीवरच नीट चालतो. ट्रिमिक्स (काँक्रीटची गुळगुळीत फरशी) उखडलेलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. बाहेर आवारात ट्रक खाली करायला फोर्कलिफ्ट वेगळी लागेलच. गाळ्याचे खांब कुठे येतात तेही नकाशात दाखवून घ्या. ते दोन रांगांमधल्या फटीत दडवले नाहीत तर अख्खे खण वाया जातात.

या रॅकचा खरा गुण उंचीत आहे. खांबावरची भोकं बहुधा 50 किंवा 75 मिमीच्या अंतरावर असतात, त्यामुळे बीम हवा तिथे लावता येतो. पॅलेटसकट माल 1500 मिमी, बीम 120, वर 100 मोकळे: 1720, म्हणजे 75 च्या पटीत 1725. पाच मजले केले तर वरच्या मालाचं डोकं 8400 मिमीवर जातं. छतालगतच्या स्प्रिंकलरचं तोंड 9 मीटरवर असेल आणि तो ईएसएफआर प्रकारचा (आग सुरुवातीलाच दाबणारा) असेल, तर खाली 914 मिमी मोकळे सोडावे लागतात. पाचवा मजला गेला. आता माल 1500 ऐवजी 1400 चा रचा. मजला 1650 वर येतो, डोकं 8000 वर, आणि पाचवा मजला बसतो. 1152 चे 1440 होतात. पॅलेटवरचा एक थर कमी करून किंवा खोक्याची मांडणी बदलून हे साधतं. रॅकवर जास्तीचा खर्च एका मजल्याच्या बीमचा आणि तेवढ्या उंच फ्रेमचा.

दोष भाराच्या बाबतीत दिसतात. पॅलेट हजार किलोचं धरलं तर बीमच्या जोडीवर 2000 किलो, आणि वरच्या चार मजल्यांचे मिळून मधल्या फ्रेमवर 8 टन. म्हणजे एका पायाखाली 4 टन, तेही तळहाताएवढ्या बेसप्लेटवर. जमिनीची ताकद चौरस मीटरला 5 टन असल्याचं सांगतात, ती पसरलेल्या भाराची. असा एकाच बिंदूवरचा भार इंजिनिअरकडून वेगळा तपासून घ्या. दुसरी चूक याहून धोक्याची. सोयीसाठी सर्वांत खालचा बीम वर सरकवतात. खांबाचा बिनआधाराचा भाग लांबतो, तो लवकर वाकतो, आणि फ्रेमची क्षमता घटते. बीम हलवला की पुरवठादाराकडून भार पुन्हा काढून घ्यायचा आणि रॅकवरचा भारमर्यादेचा फलक बदलायचा. बीमच्या दोन्ही टोकांची लॉक पिन नसेल तर गाडीचा फोर्क (काटा) खालून लागताच बीम निसटतो.

नऊ पायांचं प्लास्टिक पॅलेट थेट बीमवर ठेवू नका, पाय बीमच्या मध्ये लोंबकळतात. तळाला पट्ट्या असलेलं घ्या, नाहीतर आडवे सपोर्ट बार लावा.

मोजक्याच वस्तू आणि प्रत्येकीची शेकडो पॅलेट असतील तर हा रॅक घेऊ नका. ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडी आत शिरते असा रॅक, कमी जागेत जास्त माल ठेवतो, फक्त शेवटी ठेवलेला आधी निघतो. मुदतीचा माल असेल तर तिथे अडचण होते. वस्तू शंभरावर असतील तर सिलेक्टिव्हच घ्या.

गल्लीच्या तोंडाच्या खांबांना पहिल्या दिवसापासून गार्ड लावा, धक्के तिथेच जास्त बसतात. महिन्यातून एकदा मीटरभर लांबीची सरळ पट्टी खांबाला लावून पाहा. बीमच्या दिशेने 5 मिमी किंवा फ्रेमच्या दिशेने 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर तो खण नोंदवून दुरुस्तीला घ्या. फट याच्या दुप्पट असेल तर माल त्याच दिवशी उतरवा. वाकलेला खांब ठोकून सरळ करू नका, बदला.