हार्ड डिस्क रिकव्हरीच्या नावाखाली २०,७१० रुपयांना चुना, ड्रॉइंगवाल्यांनो वाचाच

दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे. संभाजीनगरचं आहे, गुगलवर स्टारच स्टार आणि पाटीवर मोठ्या अक्षरात 'नो डेटा नो चार्ज'. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

मी परभणी जिल्ह्यात ऑटोकॅडवर, म्हणजे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, ड्राफ्टिंगचं काम करतो, घराचे प्लॅन, एनए ले-आउट, गुत्तेदारांचे आरसीसी ड्रॉइंग, जे येईल ते. विंडोज वेगळ्या एसएसडीवर (चिपवाली डिस्क, तोच सी ड्राइव्ह) आणि सगळं काम १ टीबीच्या हार्ड डिस्कवर, तिचेच डी आणि ई असे दोन भाग, रोज संध्याकाळी डीचं ईला कॉपी मारायचं आणि त्याला बॅकअप म्हणायचं. हसू नका, निम्म्या मराठवाड्यातल्या ऑफिसात हेच चालतं, मशीन बसवून देणाऱ्यानंच तसं करून दिलेलं असतं. लाईटची ये-जा चालू होती, एका संध्याकाळी आली-गेली आली-गेली झालं आणि मशीन परत चालू केली तर डी पण नाही अन् ई पण नाही. डिस्क एकच म्हणल्यावर दोन्ही जाणारच की.

सेलूच्या एका ले-आउटची फाईल मंजुरीला द्यायची होती, प्लॉटिंगवाला रोज येऊन बसायचा, तर तपोवन पकडून डिस्क घेऊन गेलो. पहिले १,५०० काउंटरवरच घेतले. नो डेटा नो चार्ज ना, मग हे कशाचे? तर म्हणे सर ते इन्स्पेक्शन आहे, चार्ज नाही. मग फोन आला की हेड (डिस्कमधला डेटा वाचणारा भाग) गेलंय, सेम मॉडेलची डोनर डिस्क दिल्लीहून मागवावी लागतेय, ६,८०० ॲडव्हान्स. आता हेड बदलायला तशीच दुसरी डिस्क लागते हे खरंच आहे, मी नेटवर बघितलं पण, म्हणून तर पटलं. हे लोक निखळ खोटं बोलतच नाहीत.

नंतर व्हॉट्सॲपला स्क्रीनचा फोटो आला. माझे सगळे फोल्डर, गावांच्या नावानं केलेले, आत माझ्याच फाईली, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल साहेबांनी सांगितलेलं'. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. तरी मी म्हणलं, दादा एक फाईल उघडून दाखवा ना. तर तो म्हणाला, "सर, ऑटोकॅडचं लायसन आमच्याकडं नसतंय, ते लई महाग असतंय." आणि मी हो म्हणालो! वर्षानुवर्षं ऑटोकॅडवर बसणारा माणूस मी, ट्रूव्ह्यू नावाचा फुकटचा व्ह्यूअर कंपनीच देते हे मला माहीत आहे, दहा मिनिटात टाकून होतो, आणि रिकव्हरीचं दुकान चालवणाऱ्याकडं तो नसतो होय? तेवढंच एक वाक्य तोंडातून निघालं असतं तर पुढचे पैसे वाचले असते. पण समोर प्लॉटिंगवाला बसलेला, त्याला तोच फोटो दाखवून मी मोकळा झालो होतो की सापडलं म्हणून. तुम्ही असता तर काय केलं असतं? ९,५०० टाकले. वर जीएसटी १८ टक्के म्हणून १,७१० वेगळे. बिल? "मेल करतो सर." आजपर्यंत नाही.

कुरिअरनं पेनड्राइव्ह आला. नावं बरोबर, तारखा बरोबर, साईजसुद्धा बरोबर. एकही उघडेना, 'ड्रॉइंग फाईल इज नॉट व्हॅलिड'. ऑटोकॅडची रिकव्हर कमांड मारली, तेच. मग ओळखीच्या एका पोरानं फाईल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. चांगली डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाईल) नोटपॅडमध्ये उघडली की गिचमिड दिसते पण अगदी सुरुवातीला एसी १०३२ असं काहीतरी असतं, ते २०१८ नंतरचं व्हर्जन, त्याआधीचं असेल तर एसी १०२७. माझ्या फाईलीत नुस्ती कोरी जागा, खाली सरकवत जा, कोरीच. डिस्कवर फाईलींची नावं, तारखा, साईज एका वेगळ्या यादीत असतात आणि आतला माल दुसरीकडं, यांनी यादी काढली आणि पोती रिकामी भरून पाठवली.

फोन केला तर म्हणतो, "सर आम्ही रिकव्हरीची गॅरंटी दिली होती, उघडायची नाही." डिस्क परत पाठवा म्हणलं तर रिटर्नचे १,२०० वेगळे. ते पण दिले, काय करणार, डिस्क त्याच्या ताब्यात आणि तिच्यात लोकांचे सातबारे, आधार सगळं. आली तेव्हा वरचं स्टिकर फाटलेलं, स्क्रूची डोकी झिजलेली. आता दुसरीकडं दाखवली तर तो हात लावायला तयार नाही. मुळात हेड गेलं होतं का नुसती पार्टिशन (डी-ईची वाटणी) उडाली होती, आता कोण सांगणार.

पुढचं तर विचारूच नका. ठाण्यात गेलो, पैसे संभाजीनगरला दिले ना, तिकडं जा. तिकडं गेलो तर तुम्ही राहता तिकडं द्या. कायदा काय म्हणतो, बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात हद्द न बघता घ्यायची. साहेबांना मोबाईलवर दाखवलं तर म्हणे आम्हाला शिकवता का. एक म्हणाला हा धंद्यातला वाद आहे, चारशेवीस नाही, अरे चारशेवीस आता राहिलंच कुठं, नव्या न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ झालंय! आणि हार्ड डिस्क म्हणजे काय हे मला तिथं टेबलावर चित्र काढून सांगावं लागलं. बँकवाल्या मॅडम म्हणाल्या पिन तुम्हीच टाकला ना मग. १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लगेच फोन केला तरच पैसे वाटेत अडवायची शक्यता असते, मी फाईली उघडेनात तोवर बसलेलो, माझे केव्हाच जिरले होते. म्हणून तुम्ही आधी १९३० फिरवा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर झिजवा.

दुकानात डिस्क द्यायच्या आधी तिच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणाल ती फाईल उघडायला लावा, तो निवडेल ती नाही. टिकटिक आवाज येत असेल तर लगेच बंद करा, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारत बसू नका. एसएसडीवरून डिलीट झालेलं बहुतेक वेळा ट्रिममुळं (डिलीट झालेली जागा एसएसडी आपोआप पुसते) गेलंच समजा, तिथं कोणी पैसे मागितले तर सरळ उठून या.

माझं थोडं परत आलं ते कुठून, तर सी ड्राइव्हच्या टेम्पमधून. लाईट जाऊन ऑटोकॅड धाडकन बंद पडलं की ऑटोसेव्हची एसव्ही-डॉलरवाली (.sv$) फाईल तिथंच पडून राहते, तिचं नाव बदलून पुढं डीडब्ल्यूजी लावलं की उघडते. तिच्यायला, लाईटीनंच घालवलं आणि लाईटीनंच दिलं. बॅक फाईलीचं (.bak, सेव्ह करताना आपोआप राहणारी आधीची प्रत) पण तसंच नाव बदलायचं असतं, पण ती मूळ फाईलीच्याच फोल्डरात, डिस्क गेली की ती पण गेली. सेव्हटाईम (किती मिनिटांनी ऑटोसेव्ह व्हायचं ते) मुळात १० मिनिटांवर असतो, मी ५ केलाय. प्लॉटरवाल्याच्या (मोठे नकाशे छापून देणाऱ्याच्या) मशीनवर बऱ्याच फाईली सापडल्या, त्याला पेढे दिले. सेलूचं मात्र पीडीएफ इम्पोर्ट करून परत उभं करतोय, लाईनी येतात पण लेयरचा पार चिवडा होतो.

आता दोन बाहेरच्या डिस्क आहेत, एक घरी एक ऑफिसात, आठवड्याला अदलाबदल, आणि शनिवारी घरच्या डिस्कवरची एखादी फाईल उघडून बघतो. गूगल ड्राइव्हला सिंक आहे म्हणून निवांत राहू नका, इकडं डिलीट झालं की तिकडं पण होतं.

ग्राहक आयोगात टाकलंय. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात टाकता येतं. तुमच्यापैकी कोणाला असाच कोऱ्या फाईलींचा पेनड्राइव्ह आला असेल तर रागारागात फॉर्मॅट मारू नका, कुरिअरच्या पाकिटासकट तसाच ठेवा, तिथं तोच लागतो.